बिलबुकातील एक ओळ

नरसी नामदेव येथे वर्षातील सर्वांत मोठी गर्दी आषाढी एकादशीला होत नाही. ती होते पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीला. पंढरपूरची वारी करून परतणारा वारकरी नामदेवांच्या जन्मगावी माथा टेकवतो आणि मगच घराची वाट धरतो, म्हणून या एकादशीला परतवारी म्हणतात. संत नामदेवांचा जन्म १२७० चा. त्यांची पदे गुरुग्रंथसाहिबात असल्यामुळे वर्षभर पंजाबातूनही यात्रेकरू येथे येतात. परंतु परतवारीच्या दोन दिवसांत कयाधूच्या काठावर जी माणसे लोटतात, ती प्रामुख्याने मराठवाडा-विदर्भातील शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील असतात. गावातील किराणा दुकानदारांची तेव्हा परीक्षा असते. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, राजगिरा, साखर यांची पोती उतरताच उसवली जातात. गावातील जैन दुकानदाराच्या घरी तोवर चातुर्मासाचे नियम सुरू झालेले असतात आणि दुकानात मात्र दुसऱ्यांच्या उपवासापायी श्वास घ्यायला उसंत नसते.

अशाच एका दुकानाचे धनी, ज्यांना सारा बाजार ‘भाऊ’ म्हणतो, यांच्या घरावर २०१८ च्या परतवारीच्या आदल्या संध्याकाळी जो प्रसंग ओढवला, त्याची हकीकत येथे सांगायची आहे. हकीकत मोठी नाही. वर्तमानपत्रात ती चार ओळींत छापून आली होती आणि त्या चार ओळींतही दुकानाचे नाव नव्हते.

भाऊंचा व्यवसाय दुहेरी. नरसीत घाऊक किराणा आणि हंगामात हळदीची, तुरीची खरेदी. त्यासाठी एक पिकअप गाडी. सकाळी गाडी हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात जाई आणि संध्याकाळी किराणा माल भरून परत येई. रिकामी गाडी आणणे म्हणजे डिझेल जाळणे, हा वडिलांपासूनचा धडा. त्या दिवशी परतीच्या गाडीत साबुदाणा आणि साखर यांची पोती होती. जत्रा तोंडावर असल्यामुळे नेहमीपेक्षा दहा-बारा पोती जास्तच. हिंगोली सोडताना पावसाची भुरभुर सुरू झाली होती. एसटी गाड्या दाराला माणसे लोंबकळेपर्यंत भरून जात होत्या. रस्त्याच्या कडेला तीन स्त्रिया भिजत उभ्या होत्या; सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, नरसीला निघालेल्या. ड्रायव्हर अकरा वर्षे दुकानात होता. त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, “माउली, चढा वर. पोत्यावर बसा, ताडपत्री घ्या अंगावर.” भाडे घेतले नाही. परतवारीच्या वाटेवर वारकऱ्याकडून भाडे घेण्याची नरसीत पद्धत नाही.

एका वळणावर पुढे चाललेली मोटारसायकल ऐन जवळ आल्यावर दिसली. तिला मागचा दिवा नव्हता. ड्रायव्हरने ब्रेक मारून गाडी वळवली. मोटारसायकलवाला वाचला, गाडीही उलटली नाही. परंतु ओल्या ताडपत्रीखालची पोती सरकली आणि तिन्ही स्त्रिया पोत्यांसह खाली आल्या. दोघींना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. तिसरीच्या उजव्या पायावर साखरेची तीन पोती पडली होती. मागून आलेल्या वारकऱ्यांच्या जीपने तिला हिंगोलीला नेले, तेथून रात्री नांदेडला. चौथ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. वय चाळीस, पोटाला दोन मुले, काम दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणीचे.

भाऊ त्या रात्रीच नांदेडला पोचले. अनामत रक्कम भरली, औषधांची व्यवस्था केली. दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी विचारले, की ही रक्कम रोजमेळात कोणत्या खाती टाकायची? भाऊ म्हणाले, “माझ्या खाती.” तेवढ्यावर तो विषय थांबला. दवाखान्याचे बिल त्यांनी कुणी न मागता भरले, यात गावाला नवल वाटले नाही. नवल पुढे सुरू झाले.

गाडीचा विमा चालू होता. हप्ता कधी चुकला नव्हता. तारीख जवळ आली की एजंट येई, धनादेश घेई, आणि नवा कागद दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत जुन्या कागदांवर जाऊन पडे. व्यापारी माणूस हुंडीचा, करारनाम्याचा शब्द न् शब्द वाचतो, पण विम्याची पॉलिसी वाचत नाही. कर भरावा तसा तो हप्ता भरून मोकळा होतो. भाऊंनी ती पॉलिसी पहिल्यांदा वाचली ती नांदेडच्या दवाखान्याच्या बाकावर बसून.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याने सक्तीचा केलेला विमा रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी आहे. मालवाहू गाडीत बसलेल्यांपैकी गाडीमालकाचे नोकर, म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, यांची कामगार भरपाई कायद्यापुरती जबाबदारी त्यात येते. आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर गाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला असेल तर तोही येतो. परंतु मालवाहू गाडीत सहज दयेपोटी, फुकट बसवून घेतलेला माणूस त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि तेव्हापासून विमा कंपन्यांचे वकील प्रत्येक अशा दाव्यात तोच निकाल पुढे ठेवतात. त्यांचे चुकते असेही नाही. मालवाहू गाडीचा हप्ता माणसे वाहण्याच्या हिशेबाने आकारलेला नसतो. भाडे घेतले असते तर परवान्याचा भंग झाला असता. घेतले नाही म्हणून ती ‘विनामोबदला प्रवासी’ झाली. कायद्याच्या पुस्तकात माउलीला हाच शब्द आहे.

कंपनीने आणखी एक आक्षेप घेतला होता, तो टिकला नाही. ड्रायव्हरचा परवाना हलक्या मोटार वाहनाचा होता, त्यावर परिवहन वाहनाची वेगळी नोंद नव्हती. मुकुंद देवांगण प्रकरणात जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते, की साडेसात हजार किलोपर्यंत वजनाचे परिवहन वाहन चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. पुढे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच कायम केले. आपल्यातल्या ज्या घरांत पिकअप, छोटा टेम्पो आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि साडेसात हजार किलोची ती सीमाही.

जखमी बाईंच्या वतीने मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा दाखल झाला. प्रतिवादी तिघे, ड्रायव्हर, गाडीमालक आणि विमा कंपनी. दावा दाखल करायला भाऊंनीच सांगितले होते. तोवर सर्वांचा समज हाच, की पैसे कंपनी देईल. कंपनीचे लेखी म्हणणे आले तेव्हा समज उतरला.

गोष्ट रचायची असती तर पुढचा प्रसंग दशलक्षण पर्वात, उत्तम सत्याच्या दिवशी घडवता आला असता. प्रत्यक्षात तो मार्चअखेरीच्या धांदलीत घडला. दुकानात साठा मोजणी चालू होती. संध्याकाळी वकील आले, त्यांच्याबरोबर विम्याचे व्यवहार जाणणारा एक मध्यस्थ आला, आणि त्यांच्या मागोमाग त्या बाईंचे यजमान. भाऊंचा मुलगा बीकॉम होऊन दोन वर्षे दुकान पाहत होता, तोही बसला. वकिलांनी प्रस्ताव साध्या शब्दांत मांडला. मालाचा मालक गाडीत असेल तर कंपनीला पैसे द्यावे लागतात. बाई जत्रेत फराळाचे दुकान लावणार होत्या आणि त्यासाठी त्यांनी त्याच गाडीतला दोन पोती साबुदाणा भाऊंकडून घेतला होता, असे दाखवायचे. त्या दिवशीच्या तारखेचे एक बिल हवे. पुढचे साक्षीपुराव्याचे ते पाहून घेतील. बाई पोत्यांवर नव्हे, ड्रायव्हरशेजारी कॅबिनमध्ये बसल्या होत्या, एवढे मात्र सांगावे लागेल. मालाच्या मालकाने कॅबिनमध्ये बसायचे असते.

मुलगा म्हणाला, “जीएसटीतही फरक पडत नाही, बाबा. किरकोळ विक्रीत जाईल.”

मुनीमजींनी न सांगता ऑगस्टचे बिलबुक आणून समोर ठेवले. दुर्दैव असे, की त्या तारखेला एक बिल लिहिताना कार्बन उलटा बसला होता, म्हणून एक पान तसेच कोरे राहिले होते. क्रमांक छापलेला, तारीख घातलेली, खाली कोरे.

भाऊ ते पान पाहत राहिले. तेव्हा बाईंचे यजमान बोलले. मघापासून ते दाराशी उभे होते. “भाऊ, लिहा की एक ओळ. तुमचंबी वाचंल, आमचंबी लवकर होईल. कंपनीचं काय जातंय?”

या प्रश्नाने प्रकरण अवघड केले होते. खोटे बोलून स्वतःचा फायदा करून घेणारा माणूस ओळखायला सोपा असतो. इथे ज्या स्त्रीचा पाय गेला होता तिचेच घर खोटे मागत होते, आणि त्या खोट्याने तिला पैसा लवकर आणि खात्रीने मिळणार होता. खरे बोलले तर कंपनी सुटणार, बोजा भाऊंवर येणार, आणि भाऊंना तो पेलला नाही तर तिच्या हाती निकालाचा कागद तेवढा उरणार. सत्याचा खर्च केवळ सत्य बोलणाऱ्याने करायचा असता तर गोष्ट वेगळी.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वातींनी श्रावकाच्या एकेका व्रताचे पाच-पाच अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अध्याय पाठ असलेली माणसे आपल्या समाजात हजारोंनी आहेत. पण त्यातला तो शब्द कोऱ्या बिलाच्या पानावर समोर येतो तेव्हा अर्थ वेगळा लागतो. व्यापाऱ्यांच्या धर्मात खोट्या कागदाला नाव घेऊन दोष सांगितला आहे, हे नुसते योगायोगाने झालेले नसावे. हे सारे त्या संध्याकाळी भाऊंच्या मनात आले असेल असे मात्र मानण्याचे कारण नाही. त्यांनी यजमानांना विचारले, “जेवलात का?” त्यांना आत पाठवले. मग वकिलांना म्हणाले, “वकीलसाहेब, त्या दिवसाची बेरीज मुनीमजींनी मारून ठेवली आहे. आता त्यात ओळ घालता येणार नाही.”

वकिलांना वाटले, हिशेबाची अडचण आहे. ते समजावू लागले, की बेरीज दुरुस्त करता येते. मुनीमजींनी बिलबुक उचलले आणि त्या पानावर तिरपी रेघ ओढून ‘रद्द’ असे लिहिले. चाळीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला धन्याचे वाक्य कसे वाचायचे ते ठाऊक असते.

मुलाला ते पटले नाही. त्यानंतर कित्येक आठवडे त्याने वडिलांशी दुकानाबाहेरचे बोलणे टाळले. त्याचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नव्हता. तो म्हणे, की कंपनी दरवर्षी हप्ता घेते तेव्हा कधी विचारते का, की तुमच्या खेड्यात जत्रेच्या दिवशी माणसे कशी जातात? एसटी पुरत नाही, हा काय भाऊंचा गुन्हा? आणि गाडी थांबवली ती ड्रायव्हरने, दयेपोटी. दयेला दंड आणि मुर्दाडपणाला माफी, असा हा कायदा आहे.

मुलाच्या बोलण्यात एक गोष्ट राहून जात होती, आणि ती भाऊंनी बऱ्याच दिवसांनी, घरातच, बोलून दाखवली. बाई पडल्या त्या पोत्यांवरून. आणि पोती सरकली ती फाळक्याच्या वर रचली होती म्हणून. ती दहा-बारा पोती जास्त होती. ड्रायव्हरची दया ड्रायव्हरची, पण ती पोती भाऊंच्या सांगण्यावरून चढली होती. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आहे. ज्या काळी ते सांगितले तेव्हा डोळ्यांसमोर बैल आणि हमाल होते. पिकअप गाडी मुकी असली तरी तिला वेदना नाहीत, म्हणून आपण तो अतिचार जुन्या जमान्याचा समजतो. भार कोणावर पडतो ते रस्त्यावर कळते. उमास्वातींनी हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे, तो याचसाठी असेल.

कायदा याच काळात बदलत होता. संसदेने ऑगस्ट २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली आणि तिच्यातील दंडाची कलमे १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाली. विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर गेला, मद्यपान करून चालवण्याचा दोन हजारांवरून दहा हजारांवर. हेल्मेट नसल्यास शंभराऐवजी एक हजार आणि तीन महिने परवाना निलंबित. जादा माल भरल्यास पूर्वी दोन हजार आणि वर दर टनामागे एक हजार होते. ते वीस हजार आणि दर टनामागे दोन हजार झाले. महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी दंड फेरविचारासाठी केंद्राकडे पत्र पाठवले, आणि राज्यात ही वाढ प्रत्यक्षात आली ती डिसेंबर २०२१ मध्ये, काही कलमांत राज्याने ठरवलेल्या तडजोड रकमांसह. व्यापारी मंडळांतून तेव्हा जी चर्चा झाली तिचा सूर एकच होता: सरकारला वसुली हवी आहे. रस्त्यांवर खड्डे आणि खिशाला कात्री.

या तक्रारीत तथ्य अजिबात नाही असे नव्हे. त्याच दुरुस्तीत रस्त्याच्या सदोष बांधणीमुळे अपघात झाल्यास कंत्राटदाराला किंवा संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. तिची चर्चा हेल्मेटच्या दंडाच्या शतांशानेही होत नाही. परंतु दंड हा या कायद्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे, हे भाऊंच्या प्रकरणावरून कळावे. परवानगीपेक्षा जास्त माणूस गाडीत बसवल्यास नव्या कायद्यातही दंड माणशी दोनशे रुपये आहे. तीन बायांचे सहाशे रुपये. चौकात पोलिसाने गाडी अडवून ते सहाशे घेतले असते आणि बायांना उतरवले असते, तर भाऊंनी त्या रात्री पोलिसाला दोन शब्द सुनावले असते, आणि ती बाई आज दोन्ही पायांवर उभी असती.

दंडाच्या गाजावाजात बाकीच्या तरतुदी मागे पडल्या. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केले होते. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचे कलम दिले. मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. तरीही त्या संध्याकाळी जीपच्या आधी दोन गाड्या बाजूने निघून गेल्या होत्या. ठोकर मारून पळून गेलेल्या वाहनाच्या प्रकरणात मृताच्या वारसांना पूर्वी पंचवीस हजार मिळत, एप्रिल २०२२ पासून दोन लाख मिळतात. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची योजना लागू झाली आहे. आणि एक बदल मुदतीचा: भरपाईचा दावा आता अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. ही मुदत १९९४ मध्ये काढून टाकली होती, ती परत आली. पूर्वीचा अनुभव सांगून कोणी ‘सावकाश करू’ म्हणत असेल तर त्याचे ऐकू नये.

आपल्या घरांना सर्वांत जवळचे कलम अल्पवयीन मुलांचे आहे. शिकवणीला, व्यायामशाळेला, दुकानाच्या उधारी-वसुलीला सोळा वर्षांचा मुलगा स्कूटर घेऊन जातो. पुष्कळांचा समज असा, की गिअर नसलेली गाडी सोळाव्या वर्षी चालते. कायद्यात सोळाव्या वर्षी मुभा आहे ती पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीला, आणि तीही परवाना काढूनच. आज दुकानात ज्या पेट्रोल स्कूटर विकल्या जातात त्या शंभर सीसीच्या पुढच्या असतात. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो: तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. मुलगा गुणी आहे, वेगात चालवत नाही, हा बचाव कायद्यात नाही. भाऊंचा पुतण्या हिंगोलीत अकरावीला होता, तेव्हा घरात यावर महिनाभर वाद चालला. मुलाच्या आजीचे मत असे, की गावातल्या गावात काय होते? अखेर त्याला सायकल मिळाली. त्याने ती फारशी वापरली नाही, मित्राच्या स्कूटरवर मागे बसून जाऊ लागला. घराघरांत हे असेच चालते.

आणि आपल्या साधू-साध्वींच्या विहाराचे काय? हिंगोलीकडून वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाकडे जाणारे त्यागी रस्त्याच्या कडेने पायी चालतात. चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकणे ही त्यांची ईर्यासमिती. मागून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या गाडीने चारशे हात पुढे पाहायला हवे, तिथे आपल्यापैकीच कुणीतरी मोबाइलवर भाव विचारत असतो. विहारात वाहनाची धडक बसून त्यागीजनांचे देहावसान झाल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. आपण श्रद्धांजली सभा घेतो, मोर्चाही काढतो. विहारात पुढे-मागे परावर्तक पट्ट्यांचे जॅकेट घालून चालणारे तरुण काही गावांत तयार झाले आहेत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, म्हणजे रोज सुमारे ४६०. मोठा आकडा माणसाला स्पर्श करीत नाही. जवळचा करतो. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज येथील शेतमजूर स्त्रियांना कामावर घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला. सात स्त्रिया गेल्या. पंतप्रधान आणि मुख्यमंत्र्यांनी वारसांना मदत जाहीर केली. ट्रॅक्टरची ट्रॉली माल वाहण्यासाठी असते, माणसांसाठी नसते, हे त्या दिवशी सर्वांनी म्हटले. आणि आठवडाभरात हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॉलीत उभ्या राहिलेल्या बाया पुन्हा दिसू लागल्या. त्यांना कामावर दुसरे कोण नेणार? भाऊंच्या मुलाचा प्रश्न इथे परत येतो, आणि तो कायद्याने सुटणारा नाही.

न्यायाधिकरणाचा निकाल करोनामुळे लांबत २०२२ मध्ये लागला. विमा कंपनी जबाबदारीतून मुक्त झाली. ड्रायव्हर आणि गाडीमालक यांनी मिळून व्याजासह सहा लाखांच्या घरात रक्कम द्यायची. ड्रायव्हर काय देणार! भाऊंनी हिंगोलीतला, मुलाच्या नावे नवे दुकान काढण्यासाठी घेतलेला प्लॉट विकला. खरेदीखतावर संमतीची सही करायला मुलगा आला. सही केली, आणि बाहेर येऊन वडिलांना म्हणाला, “ड्रायव्हरला काढू नका.” भाऊंच्या मनात ते आधीही नव्हते, परंतु मुलाने म्हटले याचे त्यांना बरे वाटले असावे, कारण ही गोष्ट ते पुष्कळांना सांगतात, प्लॉटची सांगत नाहीत.

बाईंना त्याआधीच जयपूर फूट मिळाला होता. डी. आर. मेहता यांनी स्वतः अपघातात पायाला गंभीर इजा झाल्यानंतर काही वर्षांनी, १९७५ मध्ये, जयपुरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. तिची शिबिरे गावोगाव होतात आणि पाय विनामूल्य बसवला जातो. निंदणीला खाली बसणे मात्र पूर्वीसारखे जमत नाही. बाई आता घरी शेवया, पापड करतात.

दुकानात बदल झाले ते थोडे. गाडीच्या फाळक्याच्या आतल्या बाजूला एक आडवी पांढरी रेघ मारली आहे. पोती तिच्या वर जात नाहीत. हमालांनी पहिल्या वर्षी तिची पुष्कळ चेष्टा केली. खातेवहीत गाडीचे एक वेगळे पान उघडले आहे: विमा, फिटनेस, पीयूसी, ड्रायव्हरचा परवाना, प्रत्येकाची मुदत संपण्याची तारीख. बँकेच्या हप्त्यासारखी महिनाभर आधी लाल शाईत आठवण. परतवारीच्या दोन दिवसांत पिकअप हिंगोलीला जातच नाही. माल चार दिवस आधी येतो, गुदामाचे भाडे जास्त पडते. त्याऐवजी प्रवासी परवान्याची एक जीप भाऊ त्या दिवसांसाठी ठरवतात, ती हिंगोली ते नरसी वारकऱ्यांना आणते. जीपमध्ये परवानगी असेल तेवढीच माणसे बसवायची, असे जीपवाल्याला बजावलेले असते. तो दोन-चार जास्त बसवतोच, असे मुलाचे म्हणणे आहे. म्हणून आता मुलगा स्वतः हिंगोलीच्या चौकात छत्री घेऊन उभा राहतो आणि माणसे मोजून गाडी सोडतो. मागे राहिलेल्या बाया त्याला शिव्या देतात. शेठाच्या पोराला माणुसकी नाही, आधी कशी पिकअप सरळ थांबायची, असे म्हणतात.

भरपाईचा काही भाग न्यायाधिकरणाच्या आदेशाने बाईंच्या नावे बँकेत मुदत ठेवीत आहे. दर वर्षी एकदा बाई ती पावती प्लास्टिकच्या पिशवीतून दुकानात घेऊन येतात आणि तारीख कोणती ते विचारतात. बँकेत विचारले तर तेथेही सांगतील, पण त्या इकडेच येतात. भाऊ चष्मा लावून पावती वाचतात, व्याज किती झाले ते तोंडी करून सांगतात, आणि मग खातेवहीतले गाडीचे पान काढून त्याच्या तळाशी ती तारीख लिहून ठेवतात.